शेजारच्या सीटवरून

९ जानेवारी

लेकीने फोनवर दटावून सांगितलंय, आई, राग आला की बोलायचं नाही, लिहायचं. तुझं ब्लडप्रेशर आणि बाबांचे कान दोन्ही वाचतील. डायरीही तिनेच पाठवली. घ्या, आज मुहूर्त लागला.

सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "तू गाडीचं लायसन्स काढ."

"कुणी? मी?"

"तूच. माझं एप्रिलमध्ये संपतंय."

"संपतंय तर वाढवून घ्या. त्यात मी कुठे आले?"

"तू काढ," एवढंच म्हणाले आणि बशी पुसत बसले. या माणसाकडे उत्तर नसलं की तो बशी पुसतो.

आता माझं वय छप्पन. आमची लॉन्ड्री आहे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे पडदे, टॉवेल, असलं सगळं आम्ही धुतो, इस्त्री करतो आणि व्हॅनमधून पोचवतो. गाडी हे चालवतात. मी शेजारी बसते, मांडीवर चिठ्ठ्या, आणि तोंडाने चालू असतं, "पुढे सायकल आहे. डावीकडून कुत्रं. सिग्नल पिवळा झाला, थांबा. बाई रस्ता ओलांडतेय." लग्न झाल्यापासूनची खोड आहे. पूर्वी हे खेकसायचे, "देवाने मलाही डोळे दिलेत!" हल्ली निमूट ऐकतात. म्हातारपणी का होईना, माणूस सुधारला.

पण लायसन्स? हे काय नवीन खूळ?

१२ जानेवारी

गेलो एकदाचे लायसन्सच्या ऑफिसात. तिथे खिडक्याच खिडक्या. पहिल्या खिडकीवर म्हणाले दुसरीवर जा, दुसरीवर म्हणाले तिसरीवर. तिसरीवर एक चष्मेवाला बसलेला. त्याने फॉर्म दिला आणि म्हणाला, "काकू, वर्गावर खूण करा."

खाली सात चौकोन. वर्ग एक, बिनगिअरची दुचाकी. वर्ग दोन, गिअरची दुचाकी. तीन, खाजगी मोटार. चार, हलकी मालवाहू. पाच, जड मालवाहू. सहा, प्रवासी वाहतूक. सात, क्रेन, रोलर वगैरे. मी विचार केला, फी द्यायचीच आहे तर कंजुषी कशाला? उद्या काय लागेल सांगता येतं का? सगळ्यांवर खुणा केल्या.

चष्मेवाल्याने फॉर्म पाहिला, चष्मा काढला, परत घातला. "काकू, रोड रोलर चालवणार आहात?"

"तसं काही ठरलं नाही."

"मग खूण का केलीत?"

"असू द्या हो, राहील पडून."

मागची रांग फिदीफिदी हसायला लागली. एक टवाळ म्हणाला, "आजींना विमानाचाही चौकोन द्या!" आजी म्हणे! मेल्या, तुझी आजी असेल तिकडे. हे मात्र हसले नाहीत. बाकावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी विचारलं, अहो, यातला आपला वर्ग कुठला, जरा येऊन बघा की. तर म्हणतात, "तू वाच, मी सांगतो." मी वाचलं. म्हणाले, "चार." जागचे हलले नाहीत. नवरा आहे की राजा?

चष्मेवाल्याने समजावलं. सातवा वर्ग मोठा आणि पहिला लहान, असं नसतं. ज्याचं काम असेल तो वर्ग. आमची व्हॅन माल नेते, म्हणून चार. नुसता तीन काढला तर कुटुंबाची मोटार चालवता येईल, चादरी नेता येणार नाहीत. मी विचारलं, "मोटारीत घरच्याच चादरी असल्या तर?" त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

आधी चिन्हांची लेखी परीक्षा. ती पास झालं की शिकाऊ परवाना. मग किमान महिनाभर शिकायचं. मग गाडीची परीक्षा, डोळ्यांची तपासणी, फोटो, अंगठा आणि मग पक्कं लायसन्स. लग्नाला एवढे विधी नव्हते.

१७ जानेवारी

चिन्हांचं पुस्तक पाठ करतेय. तांबड्या गोलात आडवी पट्टी म्हणजे आत जायचं नाही. तांबड्याच गोलात आकडा म्हणजे त्याच्यापेक्षा जोरात जायचं नाही. निळा गोल म्हणजे करायचंच, तांबडा म्हणजे करायचंच नाही. घरात असे गोल लावून ठेवले पाहिजेत.

संध्याकाळी यांना म्हटलं, घ्या पुस्तक आणि विचारा मला. पुस्तक हातात घेतलं नाही. म्हणाले, "तू चित्र कसं आहे ते सांग, मी अर्थ सांगतो." परीक्षा माझी की यांची? पण सगळं बिनचूक सांगितलं. मग माझ्याही डोक्यात बसलं. शिकवतात चांगलं, ते मान्य.

२४ जानेवारी

पास! शिकाऊ परवाना हातात. फोटोत मी पकडलेल्या चोरासारखी दिसते.

यांना दाखवला. हातात घेऊन अंगठ्याने चाचपत राहिले. मी म्हटलं, "कशी दिसतेय?" म्हणाले, "छान." खोटारडे.

२८ जानेवारी

ड्रायव्हिंग स्कूल लावलं. शिकवायला एक पोरसवदा बाई आहे, माझ्या लेकीपेक्षाही लहान. तिच्या पायाखाली तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक आहे. मी तिचं नाव ब्रेक मॅडम ठेवलंय. आज मला वाटलं मी फार सुरेख गाडी थांबवली. खाली वाकून पाहिलं तर तिचा पाय दाबलेला.

गाडी चालवताना मी नेहमीसारखी बोलत होते. पुढे रिकामी हातगाडी, उजवीकडे शाळेची बस, म्हातारे गृहस्थ थांबलेत. ब्रेक मॅडम म्हणाली, "काकू, एवढं सगळं दिसतं तुम्हाला? माझ्या बाकीच्या मुलींना ट्रकसुद्धा दिसत नाही." अशी मी उगाच फुलले की पुढचा गतिरोधक दिसला नाही.

४ फेब्रुवारी

आज डोकं नुसतं भणभणतंय. लिहिते.

हॉटेलवाल्याने चादरींचा अख्खा गठ्ठा परत केला. मधोमध चहाचे डाग, तसेच. तपासायचं काम यांचं. यांची नजर अशी होती की हे शाईचा ठिपका दारातून ओळखायचे. आणि आता एवढाले डाग? मी चादर यांच्या नाकासमोर धरली. म्हणाले, "राहिला असेल एखादा." एखादा! चादरीचा नकाशा झालाय!

मला कळलंय यांचं काय चाललंय ते. कामातून मन उडालंय. आपण अंग काढून घ्यायचं आणि मला गाडीवर बसवायचं. मग मी चादरी वाहीन आणि हे समुद्रकाठी भावाकडे जाऊन मासे पकडत बसतील. भावाचे फोनही हल्ली फार येतात.

मी रागाने ठरवलं, आज गाडीत एक अक्षर बोलणार नाही. बसले ओठ शिवून. यांनी गाडी अशी हळू चालवली की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले. मधेच म्हणाले, "बोल ना काहीतरी." मी नाही बोलले. "अगं, बोल ना." मी खिडकीबाहेर. आणि हॉटेलच्या फाटकातून आत शिरताना खांबाला ठोकली की हो! समोर ढळढळीत खांब. दिवा फुटला, पत्रा आत गेला. पहारेकरी धावत आला, मॅनेजर आला, शोभा झाली.

मी म्हटलं, "खांब दिसला नाही?"

म्हणाले, "तू बोलत का नाहीस?"

बघा! खांबाला धडकले हे आणि गुन्हेगार मी.

५ फेब्रुवारी

रात्रीत राग उतरला. "बोल ना" म्हणाले ते आठवत राहिलं. एवढ्या वर्षांत या माणसाने मला कधी बोल म्हटलं नव्हतं, गप्प बस म्हणूनच सांगितलं. चिडताही येईना आणि बरंही वाटलं. आज जाताना मी नेहमीपेक्षा जास्तच बोलले. दुकानांच्या पाट्यासुद्धा वाचून दाखवल्या.

१३ फेब्रुवारी

कप्पाळ माझं. खिडकी तीनवर परीक्षेची तारीख घ्यायला गेले. चष्मेवाल्याने विचारलं, "कोणत्या गाडीवर शिकताय?" म्हटलं, ब्रेक मॅडमच्या. "तिला गिअर आहेत?" म्हटलं, नाहीत, पाय दाबला की आपोआप पळते. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "काकू, त्या गाडीवर परीक्षा दिलीत तर लायसन्सवर 'बिनगिअरचीच' असा शिक्का पडेल. तुमची व्हॅन गिअरची. मग ती चालवलीत तर विनापरवाना."

म्हणजे लायसन्स असूनही नाही! वर्ग चार, पण गिअर नसलेला चार. मग वर्ग तीन गिअरवाला चालेल का? नाही. आणि आधी बिनगिअरचा काढून मग गिअर वाढवता येतात का? येतात, पण पुन्हा परीक्षा. मला गरगरायला लागलं. शेवटी तोच दयाळूपणे म्हणाला, "आपल्या व्हॅनवरच शिका आणि व्हॅनवरच परीक्षा द्या. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसला की झालं."

हे ब्रेक मॅडमने आधी का नाही सांगितलं? विचारलं, तर म्हणाली, "काकू, तुम्ही म्हणालात गाडी शिकायचीय. व्हॅन कुठे म्हणालात?" बोलायची सोय नाही.

१६ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "बाबा बरे आहेत ना? मी त्यांना फोटो पाठवला, तर फोनवर काहीच बोलले नाहीत त्याबद्दल."

मी म्हटलं, त्यांना काय धाड भरलीय! लेक म्हणाली, तरी एकदा डॉक्टरला दाखव. आळशीपणाचा डॉक्टर असतो का?

तेवढ्यात आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. हे स्टुलाला अडकले होते. मीच मधे ठेवलं होतं, इस्त्रीचे कपडे ठेवायला. यांनी मला बजावलं की वस्तू जिथल्या तिथे ठेवत जा. मला! पसाऱ्याचे मूळपुरुष स्वतः!

२१ फेब्रुवारी

गोदामामागच्या मोकळ्या मैदानावर व्हॅन शिकतेय. हे शेजारी. काय सांगू, यांच्यासारखा शिकवणारा नाही. डोळे मिटून मान मागे टेकून बसतात, मला वाटतं झोपले, आणि मधेच, "ऐक. इंजिन धापा टाकतंय. गिअर बदल." किंवा, "क्लच एकदम सोडलास. बोटांनी अंगठी काढतेस ना तसा सोड, हळू." खरंच नीट सुटला! ब्रेक मॅडमच्या गाडीला तर क्लचच नव्हता.

मी म्हटलं, "अहो, जरा बघा तरी मी कशी चालवतेय."

म्हणाले, "बघायचं काय त्यात? ऐकू येतंय."

हा यांचा रुबाब. पण आज तीन वळणं न अडखळता घेतली आणि हे एकदम म्हणाले, "आता मला काळजी नाही." कसली काळजी, ते विचारलं तर बशी नव्हती म्हणून गुडघा पुसत बसले.

२ मार्च

संध्याकाळच्या फेऱ्या बंद केल्या यांनी. म्हणे व्हॅनचे दिवे मंद झालेत. मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, "काकू, दिवे लख्ख आहेत. कुणी सांगितलं?" मी यांच्याकडे पाहिलं. हे दुसरीकडे. म्हणजे आळसच! मला आता शंकाच नाही. दवाखान्याला मी सांगितलं, दिवे बिघडलेत. खोटं यांचं, जीभ माझी.

१२ मार्च

कुठून सुरू करू?

सकाळी परीक्षा होती. साहेब शेजारी बसले, मांडीवर पाटी. मला दरदरून घाम. गाडी सुरू केली आणि आपोआप तोंड सुरू झालं. सायकलवाला, कचऱ्याची गाडी, पोरं चेंडू घेऊन कडेला. साहेब म्हणाले, "बाई, हे कुणाला सांगताय?" म्हटलं, सवय आहे साहेब. ते हसले. चढावर थांबवून पुन्हा सुटायचं होतं, ते पहिल्या दमात जमलं. पास. वर्ग चार, गिअरसह. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

मग शेवटचं, डोळ्यांची तपासणी. यांचंही नूतनीकरण होतं. मला वाटलं होतं करणारच नाहीत, पण आज सकाळी आपणहून कागद घेऊन निघाले. एका लहानशा खोलीत दोघांची रांग. समोर पांढरी भिंत, तिच्यावर खिळ्याला अक्षरांचा पांढरा तक्ता, खाली लहान होत जाणारी अक्षरं. जमिनीवर रेघ. मी रेघेवर उभी राहिले, हे माझ्या पाठीशी. मी माझ्या नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचलं. शेवटून दुसऱ्या ओळीत जरा अडखळले, पण वाचलं. एकदा या डोळ्याने, एकदा त्या डोळ्याने. शिक्का बसला.

खिडकीतून ऊन आलं होतं आणि तक्ता चमकत होता. तिथल्या शिपायाने तो काढला आणि बाजूच्या भिंतीला दाराजवळ लावला. मी पिशवी आवरत होते. टेबलामागचा माणूस खाली मान घालून यांचा फॉर्म भरत होता. मान न उचलता म्हणाला, "वाचा."

हे रेघेवर गेले. ताठ उभे राहिले, एक हात डोळ्यावर. आणि वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून, मी वाचलं होतं तसं, त्याच चालीत. शेवटून दुसऱ्या ओळीत मी अडखळले होते तिथे अडखळले.

समोरच्या भिंतीवर काही नव्हतं. नुसता खिळा.

मी तक्त्याकडे पाहिलं, दाराजवळ. परत यांच्याकडे पाहिलं. यांनी हात बदलून दुसरा डोळा झाकला आणि त्या रिकाम्या भिंतीकडे बघत पुन्हा सगळं म्हणून दाखवलं.

टेबलामागच्या माणसाने शिक्का उचलला.

मी म्हटलं, "थांबा."

"काय झालं?"

काय सांगू? आयुष्यभर मी बोलत आले आणि तिथे मला शब्द सापडेना. शेवटी म्हटलं, "ह्यांचं नको. आमच्या घरात एक ड्रायव्हर पुरे आहे."

"अहो काकू, सगळं झालंय, शिक्का तेवढा राहिलाय."

"राहू द्या."

त्याने यांच्याकडे पाहिलं. हे मान खाली घालून वळले आणि दाराची कडी शोधायला लागले. दार उघडंच होतं.

१३ मार्च

काल पुढे लिहवलं नाही.

घरी मीच गाडी आणली. थोडं अंतर गेल्यावर रस्त्याच्या कडेला थांबवली, कारण मला पुढचं दिसेना, इतकं रडू आलं. विचारलं, "कधीपासून?"

"दोनेक वर्षं. आधी धुकं. आता डाव्याने नुसता उजेड दिसतो."

"आणि गाडी? गाडी कशी चालवत होतात तुम्ही?"

"तू सांगत होतीस ना."

किती सहज म्हणाले! शाळेच्या रस्त्यावरून जात होतो आम्ही. बाजारातून जात होतो. आणि मी कधी शिंकत होते, कधी चिठ्ठ्या शोधत होते, कधी शेजारणीच्या सुनेच्या गोष्टी सांगत होते. त्या वेळी कोण बघत होतं?

मी वाट्टेल ते बोलले. डायरीत लिहीत नाही. हे ऐकत होते. मग म्हणाले की यांचे वडील असेच आंधळे झाले होते आणि सोळा वर्षं एका कोपऱ्यात बसून गेले. लोक समोरून बोलायचे आणि त्यांना वगळायचे. "मला कोपरा नको होता. वाटलं, तुझं लायसन्स झालं की माझं आपोआप संपेल, कुणाला सांगायला नको."

"मग आज रांगेत कशाला उभे राहिलात?"

"तू वाचत होतीस, पाठ झालं. मोह झाला," म्हणाले.

मला यांचा इतका राग आलाय आणि इतकी दयाही. समुद्रकाठचे मासे आठवून स्वतःचीही लाज वाटली. यातलं आधी काय लिहायचं असतं ते मला कळत नाही.

१९ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ पाहिलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, नुसता पिकून बसलाय. काढला की दिसेल. डाव्यातही आहे, पण त्याच्या मागचा पडदा गेलाय. तो परत येत नाही.

"वेळेवर आला असतात तर दोन्ही वाचले असते. एवढे दिवस का थांबलात?"

हे म्हणाले, "मला वाटलं, वडिलांसारखंच आहे."

"वडिलांनाही मोतीबिंदूच असेल. त्यांना कुणी दाखवलं होतं का?"

परत येताना गाडीत हे एकदम म्हणाले, "सोळा वर्षं गं." मी गिअर बदलायला विसरले.

६ एप्रिल

ऑपरेशन झालं. पट्टी काढली. घरी आल्या आल्या हे इस्त्रीच्या टेबलाशी गेले, चादर उचलून उजेडात धरली आणि ओरडले, "ह्या पांढऱ्या चादरी आहेत? ह्या पिवळ्या आहेत! अशा आपण लोकांना देत होतो?" अख्खा माल पुन्हा धुवायला टाकला. मी कपाळाला हात लावला. पण काय सांगू, हे ओरडले आणि मला गोड वाटलं.

गाडी मीच चालवते. वाटेत तोंड चालूच असतं. हे शेजारून म्हणतात, "दिसतंय मला, दिसतंय."

२५ मे

हे परस्पर खिडकी तीनवर जाऊन आले, चालत. चष्मेवाल्याने सांगितलं की एका डोळ्यावर वर्ग चार मिळत नाही. मालवाहू बंद. पण डॉक्टरांचा कागद असेल आणि सहा महिने त्या एका डोळ्याची सवय झाली असेल, तर वर्ग तीन मिळू शकतो, खाजगी मोटार. म्हणजे मोटार चालवता येईल, व्हॅन नाही. मी म्हटलं, आपल्याकडे मोटार कुठे आहे? म्हणाले, जावयाची आहे की! फॉर्म आणून ठेवलाय. आपल्या हाताने भरला, तीनच्या चौकोनावर ठसठशीत खूण. किती दिवसांनी यांचं अक्षर पाहिलं. माणूस पोरासारखा खूश आहे.

मला मात्र कळेना, खूश व्हावं की नाही. कायदा देत असेल तर मी अडवणारी कोण? आणि कायदा देतोय म्हणून मनातली भीती जाते का? डॉक्टरीणबाई म्हणतात हरकत नाही. लेक म्हणते बाबांना आनंद होऊ दे. माझंच मन मागेपुढे होतंय.

१ जून

आज सुट्टी. यांनी व्हॅन धुवायला काढली. मी आत चादरी मोजत होते. बराच वेळ पाण्याचा आवाज नाही म्हणून बाहेर आले.

हे गाडीभोवती फिरत होते, हात लावत. चारी बाजूंनी पोचे, ओरखडे, एका आरशाला चिकटपट्टी. मला रोजचं झालेलं, यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. मला विचारलं, "हे सगळं कुणी केलं?"

मी म्हटलं, "कुणी म्हणजे? तुम्ही."

"मला वाटलं, तो खांब तेवढा."

फिरत फिरत डाव्या बाजूला पुढच्या चाकाशी आले. तिथे उकिडवे बसले आणि उठेनात. मी जवळ गेले. पत्र्यावर लाल रंगाचा एक लांब पट्टा होता, आमच्या पांढऱ्या गाडीवर. जुना होता, कडेने गंज धरलेला. गुडघ्याएवढ्या उंचीवर.

"हा लाल रंग कुठला?"

मी आठवायला लागले. हॉटेलचा खांब करडा. दवाखान्याचं फाटक हिरवं. गोदामाची भिंत विटांची, पण तिचा रंग असा चकचकीत नाही. मी म्हटलं, "एखाद्या खांबाला घासली असेल."

"एवढ्या खाली? एवढ्या खाली काय असतं लाल?"

मला एखाद्या लहान पोराची सायकल सुचली, पण ते मी बोलले नाही. यांनाही तेच सुचलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कुणी आमच्याकडे तक्रार घेऊन आलं नव्हतं, कुणी मागे धावलं नव्हतं. निदान मला दिसलं नव्हतं. तो दिवस कुठला होता, मी काय बोलत होते, का गप्प होते, काही म्हणजे काही आठवत नाही. दोघं तिथे बसून राहिलो. बादलीतल्या पाण्यावरचा फेस विरून गेला.

मग हे उठले, आत गेले. मला वाटलं पाणी प्यायला. बाहेर आले तर हातात तो फॉर्म. मला दिला.

"परत कर खिडकीवर," म्हणाले. "सांग, नको."

मी म्हटलं, "अहो, बहुतेक खांबच असेल."

"असेल," म्हणाले. आणि फडकं घेऊन तो पट्टा सोडून बाकीची गाडी धुवायला लागले.